पदच्युत राजघराण्याच्या पाठीराख्यांचा अभ्यास कसा करावा : जॅकोबाइट चळवळीसाठी मार्गदर्शिका

ब्रिटनच्या गादीवरून 1688 साली दूर झालेल्या स्ट्युअर्ट राजाला आणि त्याच्या वंशजांना ती गादी परत मिळावी, यासाठी इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिन्ही राज्यांत जवळजवळ साठ वर्षे जी धडपड चालली, तिला जॅकोबाइट चळवळ म्हणतात. जेम्स या नावाच्या जेकोबस या लॅटिन रूपावरून हे नाव पडले. या विषयाकडे वळणारा वाचक बहुधा कलोडनच्या लढाईची किंवा देखण्या राजपुत्र चार्ल्सच्या पलायनाची गोष्ट ऐकून आलेला असतो, म्हणजे चळवळीच्या अखेरीपासून तो सुरुवात करतो. पराभव आधीच ठाऊक असला की आधीचा प्रत्येक निर्णय भाबडा किंवा वेडगळ वाटू लागतो, आणि ज्या शहाण्यासुरत्या माणसांनी घरदार, इस्टेट आणि प्राण पणाला लावले त्यांनी तसे का केले, हे समजेनासे होते. म्हणून माझा आग्रह असा आहे की अभ्यास 1688 पासून पुढे करावा आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक व्यक्तीबाबत एक प्रश्न न चुकता विचारावा : तिने कोणत्या राजाच्या नावाने शपथ घेतली, कोणाच्या नावाने घेण्यास नकार दिला, आणि त्यासाठी काय किंमत मोजली?

आधी वंशावळ आणि दिनदर्शिका

वाचनाला हात घालण्यापूर्वी एका कागदावर वंशावळ स्वतःच्या हाताने काढावी. मधोमध दुसरा जेम्स. स्कॉटलंडच्या हिशेबाने तोच सातवा जेम्स. पहिल्या पत्नीपासून झालेल्या त्याच्या मेरी आणि ॲन या मुली प्रोटेस्टंट पंथात वाढल्या. 10 जून 1688 रोजी दुसऱ्या, कॅथलिक राणीच्या पोटी जेम्स फ्रान्सिस एडवर्ड हा मुलगा जन्मला आणि वारसाचा प्रश्न एका दिवसात पालटला, कारण मुलींच्या आधी मुलाचा हक्क लागत होता. हे मूल राणीचे नसून अंथरूण ऊबदार करण्याच्या भांड्यात लपवून महालात आणले गेले, अशी कंडी तेव्हाच पिकली. त्याच वंशावळीत वर, पहिल्या जेम्सची मुलगी एलिझाबेथ हिच्या शाखेवर, हॅनोव्हरची सोफिया दाखवावी. 1701 च्या वारसा कायद्याने पन्नासहून अधिक कॅथलिक वारसांना ओलांडून गादीचा हक्क तिच्याकडे आणि तिच्या प्रोटेस्टंट वंशजांकडे गेला, आणि राणी ॲनच्या निधनानंतर 1714 मध्ये तिचा मुलगा पहिला जॉर्ज म्हणून राजा झाला. तो जर्मन राजा ब्रिटनच्या गादीवर कसा आला, हा प्रश्न वंशावळ समोर असली की पुन्हा पडत नाही.

वंशावळीच्या समासात प्रत्येकाची दोन नावे लिहून ठेवावीत. जेम्स फ्रान्सिस एडवर्ड या एकाच माणसाला पाठीराखे ‘तिसरा जेम्स’ म्हणतात, तर सरकारी कागद ‘दावेदार’ म्हणतात. त्याचा मुलगा चार्ल्स एका बाजूला ‘युवराज’ आहे आणि दुसऱ्या बाजूला ‘धाकटा दावेदार’. समकालीन पत्र कोणाच्या हातचे आहे हे कित्येकदा सही पाहण्याआधी या संबोधनावरूनच कळते.

दुसरी पूर्वतयारी तारखांची, आणि ती टाळणाऱ्याचा पुढे हमखास घोटाळा होतो. ब्रिटनमध्ये 1752 पर्यंत जुनी, ज्युलियन दिनदर्शिका चालू होती. फ्रान्स, स्पेन आणि रोम नव्या, ग्रेगोरियन दिनदर्शिकेवर गेलेले होते. दोहोंत 1700 पूर्वी दहा आणि नंतर अकरा दिवसांचे अंतर होते. स्कॉटलंड 1600 पासून नवे वर्ष 1 जानेवारीला सुरू करीत असे, इंग्लंड मात्र 25 मार्चला. त्यामुळे एकाच दिवशी एडिंबरा आणि लंडनमध्ये लिहिलेल्या दोन पत्रांवर वेगवेगळे साल असू शकते. हा तपशील किती महत्त्वाचा ठरतो ते 1715 मध्ये पाहावे. चळवळीचा सर्वांत मोठा आश्रयदाता चौदावा लुई 1 सप्टेंबरला मरण पावला, आणि मारच्या अर्लने 6 सप्टेंबरला ब्रेमार येथे उठावाचे निशाण उभारले. तारखा जशाच्या तशा वाचल्या तर अंतर पाच दिवसांचे, म्हणजे बातमी पोचण्याआधीच निशाण उभे राहिले असे वाटते. परंतु लुईची तारीख नव्या पद्धतीची आहे. ब्रिटिश हिशेबाने तो 21 ऑगस्टला गेला, आणि मधले खरे अंतर सोळा दिवसांचे आहे. आपल्या टिपणवहीत प्रत्येक तारखेपुढे ‘जुनी’ किंवा ‘नवी’ असे लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

शपथेचा प्रश्न

मेरीचा पती, ऑरेंजचा विल्यम 5 नोव्हेंबर 1688 रोजी सैन्यासह टॉर्बे येथे उतरला, डिसेंबरमध्ये जेम्स फ्रान्सला निघून गेला, आणि पुढच्या वर्षी विल्यम व मेरी यांना संयुक्तपणे राज्य मिळाले. इथवरचा घटनाक्रम कोणत्याही सर्वसाधारण इतिहासात सापडतो, त्यावर फार वेळ घालवू नये. वेळ घालवावा तो त्यामागच्या कायदेशीर युक्तिवादावर. इंग्लंडच्या सभेने राजाने गादी सोडली आहे आणि ती रिकामी आहे, अशी भूमिका घेतली. राजाला काढले असे म्हणण्याचे तिने टाळले. स्कॉटलंडच्या सभेने मात्र एप्रिल 1689 मध्ये स्पष्ट शब्दांत म्हटले की जेम्सने आपल्या कृत्यांनी राज्याचा अधिकार गमावला आहे. हे दोन ठराव शेजारी ठेवून वाचले की राजनिष्ठ इंग्रज माणसाची कोंडी लक्षात येते. राजा जिवंत आहे, त्याने राजीनाम्याचा एक कागदही लिहिलेला नाही, आणि त्याच्याशी देवासमोर घेतलेली शपथ मोडून दुसऱ्या राजाची शपथ घ्या, असे त्याला सांगितले जात होते.

या कोंडीचा सर्वांत स्वच्छ नमुना म्हणजे कँटरबरीचा आर्चबिशप विल्यम सँक्रॉफ्ट. 1688 च्या उन्हाळ्यात जेम्सच्या धार्मिक सवलतींच्या जाहीरनाम्याला विरोध केला म्हणून ज्या सात बिशपांवर खटला भरला गेला, त्यांत सँक्रॉफ्ट होता. तो आणि त्याच सातांपैकी आणखी चौघे पुढे विल्यमची शपथ घेण्यास तयार झाले नाहीत. ज्या राजाने तुरुंगात टाकले, त्याच राजाशी केलेली शपथ मोडता येत नाही म्हणून त्यांनी पदाचा त्याग पत्करला. त्यांच्यासोबत सुमारे चारशे धर्मोपदेशकांनी उपजीविका गमावली. यांना ‘नॉनज्युरर’, म्हणजे शपथ न घेणारे, म्हणतात. जॅकोबाइट म्हणजे कॅथलिक, असे समीकरण मनात घेऊन येणाऱ्या वाचकाने याच टप्प्यावर थांबून ते समीकरण खोडून टाकावे. इंग्लंड आणि स्कॉटलंडमधील चळवळीचा मोठा भाग प्रोटेस्टंट होता.

दुसरे उदाहरण ग्लेनकोचे. डोंगराळ प्रदेशातील कुळांच्या प्रमुखांनी 1 जानेवारी 1692 पूर्वी विल्यमची शपथ घ्यावी, असा हुकूम होता. त्यांपैकी अनेकजण जेम्सकडून परवानगी येण्याची वाट पाहत राहिले, कारण जुन्या शपथेतून मोकळे करण्याचा अधिकार त्यालाच होता. आणि ती परवानगी फ्रान्सहून स्कॉटलंडला पोचली तेव्हा डिसेंबर संपत आला होता. ग्लेनकोच्या मॅकडोनल्डांचा वृद्ध प्रमुख अखेरच्या क्षणी फोर्ट विल्यमला गेला, तेथील अधिकाऱ्याला शपथ देण्याचा अधिकार नव्हता, म्हणून बर्फातून इन्व्हररीला गेला, आणि मुदत टळल्यावर काही दिवसांनी त्याची शपथ नोंदली गेली. 13 फेब्रुवारीच्या पहाटे, त्याच्याच वस्तीत पाहुणे म्हणून राहिलेल्या सैनिकांनी सुमारे अडतीस जणांची कत्तल केली. या घटनेकडे दोन कुळांचे जुने वैर म्हणून पाहण्याची प्रथा आहे. कागदपत्रे मात्र सरकारी हुकमाकडे बोट दाखवतात, आणि त्याच्या मुळाशी पुन्हा शपथच आहे.

तीन राज्यांच्या तीन वह्या

यानंतर टिपणे तीन वह्यांत विभागावीत, कारण तिन्ही राज्यांत या चळवळीला माणसे वेगवेगळ्या कारणांनी मिळाली. आयर्लंडच्या वहीत जमीन आणि धर्म हे दोन विषय पुन्हा पुन्हा येतील. जेम्स मार्च 1689 मध्ये किन्सेलला उतरला, 1 जुलै 1690 रोजी बॉइन नदीवर हरला आणि फ्रान्सला परतला; आयरिश सैन्य त्याच्यामागे वर्षभर लढत राहिले. 1691 च्या लिमरिक तहानंतर सुमारे चौदा हजार सैनिक फ्रान्सच्या सेवेत गेले. या सैनिकांच्या मुलानातवंडांच्या पलटणी पुढे युरोपभर लढल्या, आणि आयरिश भाषेतील कवितेत परदेशी गेलेल्या राजाची वाट पाहणारी स्त्री दीर्घकाळ राहिली. ही वही इंग्रजी साधनांवरच भरली तर ती अर्धी राहते. आयरिश कवितांची भाषांतरे अवश्य मिळवावीत.

स्कॉटलंडच्या वहीत दोन धागे मुख्य आहेत. पहिला चर्चचा : 1689 नंतर तेथे बिशप न मानणारी प्रेस्बिटेरियन व्यवस्था आली, आणि बिशप मानणारे एपिस्कोपल पंथीय बाहेर ढकलले गेले, ईशान्य स्कॉटलंडमधील पाठिंब्याचा नकाशा या पंथाच्या नकाशाशी मोठ्या प्रमाणात जुळतो. दुसरा इंग्लंडशी झालेल्या 1707 च्या एकीकरणाचा, ज्यामुळे स्कॉटलंडची स्वतंत्र पार्लमेंट गेली आणि स्ट्युअर्टांना ते एकीकरण रद्द करण्याचे नवे आश्वासन देता आले. इंग्लंडची वही सर्वांत अवघड, कारण तेथे बोलणे फार आणि कागद थोडे आहेत. विल्यमचा घोडा चिचुंदरीसारख्या एका भूमिगत प्राण्याच्या ढिगाऱ्याला अडखळून पडला आणि त्यानंतर तो मरण पावला, म्हणून ‘काळ्या मखमली कोटातल्या छोट्या गृहस्थाच्या’ नावाने पेले उचलणारे लोक पुष्कळ होते. तलवार उचलण्याची वेळ 1745 मध्ये आली तेव्हा मँचेस्टरची पलटण काही शेकड्यांपुढे गेली नाही.

चौथी, छोटी वही फ्रान्स, स्पेन आणि रोम यांच्यासाठी ठेवावी. परकी दरबारांना स्ट्युअर्टांविषयी सहानुभूती होती, परंतु त्यांनी जहाजे दिली ती स्वतःच्या युद्धाच्या सोयीने. चळवळीचे प्रयत्न कोणत्या साली झाले हे युरोपातील युद्धांच्या तक्त्याशेजारी मांडले की हे लगेच दिसते.

उठाव कसे वाचावेत

प्रत्येक प्रयत्नाबाबत परकी सैन्य, पैसा, उतरण्याचे ठिकाण आणि वेळ या चार गोष्टी तपासाव्यात. 1708 मध्ये फ्रेंच आरमार फोर्थच्या खाडीपर्यंत आले, पण सेनापतीने तरुण जेम्सला किनाऱ्यावर उतरू दिले नाही. 1719 मध्ये स्पेनचे मुख्य आरमार वादळात विखुरले आणि ग्लेन शील येथे सुमारे तीनशे स्पॅनिश सैनिकच लढले. 1744 मध्ये डंकर्कजवळ पुन्हा वादळाने घात केला. यांवर थोडक्यात टिपणे पुरेत. 1715 ला मात्र जास्त वेळ द्यावा, कारण स्कॉटलंडमधील मनुष्यबळाच्या दृष्टीने तो 1745 पेक्षा मोठा उठाव होता, आणि तरीही तो लोकांच्या स्मरणात मागे पडला. 13 नोव्हेंबरला शेरिफम्यूर येथे मारचे सैन्य आर्गाइलच्या ड्यूकच्या सरकारी सैन्यापेक्षा संख्येने बरेच मोठे असूनही लढाई अनिर्णित राहिली, त्याच सुमारास इंग्लंडमधील तुकडी प्रेस्टन येथे शरण आली, आणि जेम्स स्वतः डिसेंबरअखेर पीटरहेडला उतरला तेव्हा वेळ निघून गेलेली होती.

1745 चा अभ्यास करताना नेहमीच्या सवयीविरुद्ध एक सराव करावा, असे मी आवर्जून सुचवतो. 23 जुलैला चार्ल्स एरिस्के बेटावर उतरला, 19 ऑगस्टला ग्लेनफिननला निशाण फडकले, 21 सप्टेंबरला प्रेस्टनपॅन्सला विजय मिळाला आणि 4 डिसेंबरला सैन्य डर्बीत पोचले. येथे पुस्तक मिटावे, आणि 5 डिसेंबरच्या सकाळी एक्सेटर हाउसमध्ये बसलेल्या युद्धमंडळाला काय माहीत होते याची यादी करावी. सुमारे पाच हजारांचे सैन्य. लंडन अंदाजे दोनशे किलोमीटरवर. मागे आणि बाजूला सरकारच्या दोन फौजा. इंग्लंडमधील बड्या सरदारांनी लेखी वचन दिले आहे का, असे विचारल्यावर चार्ल्सला तसे एकही पत्र दाखवता आले नाही. फ्रेंच कधी आणि कोठे उतरणार याचीही खात्री नव्हती. त्यातच डडली ब्रॅडस्ट्रीट या सरकारी हेराने नॉर्थॅम्प्टनला तिसरी फौज उभी असल्याचे सांगितले, जी प्रत्यक्षात नव्हतीच. एवढ्या माहितीवर चार्ल्सचा सेनापती लॉर्ड जॉर्ज मरे आणि बहुसंख्य सरदार परतण्याच्या बाजूने बोलले. मग दुसऱ्या रकान्यात, त्यांना माहीत नसलेल्या गोष्टी लिहाव्यात : खाडीपलीकडे फ्रान्स खरोखरच स्वारीची तयारी करीत होता आणि लंडनमध्ये घबराट होती. हे दोन रकाने भरल्यानंतर मरेला भित्रा किंवा चार्ल्सला मूर्ख ठरवणारी विधाने वाचकाला पटेनाशी होतात. माझ्या मते मरेचा सल्ला त्याच्या हाती असलेल्या माहितीपुरता बरोबर होता, आणि चार्ल्सचा हट्टही निराधार नव्हता. ज्याला फ्रेंच मदतीशिवाय टिकाव नाही, त्याच्यासाठी माघार म्हणजे ती मदत गमावणेच होते.

कलोडनची लढाई (16 एप्रिल 1746, जुनी पद्धत) एका तासाच्या आत आटोपली. तिचे वर्णन वाचण्याआधी दोन्ही सैन्यांच्या पलटणींची यादी वाचावी. सरकारी सेनापती ड्यूक ऑफ कंबरलंडच्या बाजूला स्कॉटिश पलटणी आणि कॅम्पबेल कुळाची शिबंदी आहे. चार्ल्सच्या बाजूला डोंगराळ कुळांबरोबर सखल प्रदेशातील स्कॉट, आयरिश आणि फ्रेंच सेवेतील सैनिक आहेत. किल्मार्नॉकचा अर्ल जॅकोबाइट म्हणून पकडला गेला आणि ऑगस्टमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा थोरला मुलगा त्याच मैदानावर सरकारी सैन्यात उभा होता. स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड ही मांडणी या एका घराच्या दारातच कोसळते.

लपवलेले पुरावे आणि नंतरची गाणी

या चळवळीची साधने वाचताना एक अडचण सतत असते : ज्याच्याकडे पुरावा होता त्याला तो जाळण्याची सर्वांत जास्त गरज होती. पत्रांत टोपणनावे आणि सांकेतिक लिपी येतात. स्ट्युअर्ट दरबाराचे मोठे दफ्तर आज विंडसर येथील राजघराण्याच्या संग्रहात आहे, परंतु त्यातही आशावादी हस्तकांनी आपले महत्त्व वाढवून लिहिलेली पत्रे पुष्कळ आहेत. उलट बाजूला, पकडलेल्या कैद्यांच्या जबान्या आहेत. ‘प्रमुखाने घर जाळण्याची धमकी देऊन मला सैन्यात ओढले’, असे त्यांत वारंवार येते. अशा धमक्या दिल्या जात, हे खरे आहे. फाशी टाळण्याचा तो उत्तम बचाव होता, हेही खरे आहे. म्हणून प्रत्येक जबानीपुढे ती खटल्याआधीची आहे की नंतरची, हे नोंदवावे आणि सैन्याच्या हजेरीपटांशी ताडून पाहावे.

लपवण्याची ही कला वस्तूंत सर्वांत स्पष्ट दिसते. फोर्ट विल्यमच्या वेस्ट हायलंड संग्रहालयात एक रंगवलेले लाकडी तबक आहे. नुसते पाहिले तर त्यावर रंगांचे अर्धवर्तुळाकार फराटे आहेत, चेहरा नाही, आकृती नाही. तबकाच्या ठरावीक जागी गुळगुळीत चकचकीत नळकांडे उभे केले की त्याच्या वक्र पृष्ठभागावर फराटे एकत्र येतात आणि चार्ल्सचे चित्र दिसते. नळकांडे उचलले की राजपुत्र नाहीसा होतो. गुलाब आणि कळ्या कोरलेले काचेचे पेलेही याच प्रकारचे. फुलात राजमुकुट आणि कळ्यांत त्याचे वारस पाहण्याची रीत आहे. मात्र पुढच्या काळात अशा पेल्यांना इतकी मागणी आली की नकली कोरीव कामही झाले, त्यामुळे वस्तूचा मालकीचा इतिहास तपासल्याशिवाय तिला साक्षीदार मानू नये. बिशप रॉबर्ट फोर्ब्सने पराभवानंतर वर्षानुवर्षे सहभागी लोकांची कथने जमवून जे दहा हस्तलिखित खंड तयार केले, ते आज स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, आणि माझ्या मते 1745–46 साठी त्यांच्याइतके जिवंत साधन दुसरे नाही. तो स्वतः कट्टर पाठीराखा होता, हे लक्षात ठेवून ते वाचावे.

गाण्यांचे खाते मात्र वेगळे ठेवावे. राजपुत्राला परत बोलावणारी जी भावपूर्ण गाणी आज सर्वांना ठाऊक आहेत, त्यांतील अनेक 1766 मध्ये जन्मलेल्या कॅरोलिना नेर्नची, म्हणजे कलोडननंतरच्या पिढीची आहेत. वॉल्टर स्कॉटची ‘वेव्हर्ली’ ही कादंबरी 1814 ची, आणि चौथा जॉर्ज टार्टन हे स्कॉटिश चौकटीचे कापड घालून एडिंबरात मिरवला तो 1822 साली. या साहित्यावर प्रेम करण्यास हरकत नाही, मीही करतो. पण ते 1745 चा पुरावा म्हणून उद्धृत करू नये.

शेवट कोठे मानावा

कलोडननंतर सुमारे साडेतीन हजार कैद्यांपैकी जवळजवळ एकशेवीस जणांना मृत्युदंड झाला आणि हजाराच्या आसपास लोकांना समुद्रापार पाठवले गेले. पुरुषांच्या डोंगरी पोशाखावर बंदी आली, ती 1782 मध्ये उठली. कुळप्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार काढून घेतले गेले, ते कायमचे. तरीही टिपणवही 1746 वर बंद करू नये. चार्ल्सचा बाप, ‘तिसरा जेम्स’, 1 जानेवारी 1766 रोजी रोममध्ये वारला तेव्हा पोपने चार्ल्सला राजा म्हणून मान्यता दिली नाही, ही नोंद लढाईच्या नोंदीइतकीच महत्त्वाची आहे. चार्ल्स 31 जानेवारी 1788 रोजी गेला. त्याचा धाकटा भाऊ हेन्री कार्डिनल होता, त्यामुळे वंश पुढे चालणार नव्हता. 1800 पासून त्याला तिसऱ्या जॉर्जकडून वर्षासन मिळू लागले आणि 1807 मध्ये तोही वारला.

शपथेचा प्रश्न धरून आलेल्या वाचकाने शेवटची नोंद मात्र स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चची करावी. या चर्चच्या उपासनेत जवळजवळ पंचाहत्तर वर्षे हॅनोव्हर घराण्यातील राजाचे नाव घेतले गेले नव्हते, आणि त्यापायी सभागृहे बंद झाली होती, धर्मोपदेशक तुरुंगात गेले होते. चार्ल्सच्या मृत्यूची बातमी आल्यावर त्यांच्या बिशपांनी त्याच वर्षी ठरवले की यापुढे प्रार्थनेत तिसऱ्या जॉर्जचे नाव घ्यावे. त्यांच्यावरील निर्बंध 1792 मध्ये कायद्याने उठले.